आजचं चिंतन : शौच आणि तुंबलेली मोरी



आजचा शब्द शौच, म्हणजे शुद्धी. गीतेच्या तेराव्या अध्यायात सातव्या श्लोकात ज्ञानाच्या लक्षणांमध्ये तो येतो. माउलींनी त्याला कापराची उपमा दिलीय, आतबाहेर सारखाच निर्मळ.

रविवारी हेच वाचत बसलो होतो, तेवढ्यात आईची हाक, "अरे, मोरी तुंबलीय!"

चिडूनच उठलो. ॲसिडची बाटली उचलली, झाकण काढणार, तोच शेजारचे काका दारातून ओरडले, "थांब! आधी आत काय टाकलंय?" काकांचं आयुष्य तारापूर एमआयडीसीत, केमिकल प्लांटवर गेलंय. आईने रात्री ब्लीचिंग पावडर टाकली होती. तिच्यावर ॲसिड पडलं की क्लोरीन वायू सुटतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. मी इंजिनिअर, पण एक साधा प्रश्न विचारायचं सुचलं नाही.

"मग सोडा-व्हिनेगर?" मी विचारलं. काका म्हणाले, "व्हिनेगरही ॲसिडच, आज नकोच. आणि एरवीही तो फेस नुसता कार्बन डायऑक्साइडचा. केस त्याने विरघळत नाहीत. हात घाल."

खिडकी उघडली, हातमोजे घातले. साचलेलं पाणी मगाने बादलीत काढलं. जाळी उचलली, आतली वाटी काढली. जुन्या हँगरची तार सरळ करून टोकाला छोटा आकडा केला आणि पाइपात हळूहळू फिरवला. केसांचा गुंता बाहेर आला, साबणाच्या चिकट थरासकट. वाटी घासून परत जागेवर बसवली, कारण तिथे साठणारं पाणीच गटाराचा वास अडवतं. शेवटी भरपूर गरम पाणी सोडलं. उकळतं नाही, त्याने पीव्हीसी पाइप मऊ पडतो. पाणी सुर्रकन गेलं.

तो गुंता बघताना वाटलं, यात बाहेरचं काहीच नाही. आमचेच केस, आमचाच साबण, रोज थोडा थोडा. माझा आईवर निघणारा राग असाच साठत आलाय. त्यावर मी वरून स्तोत्र ओततो, छान फेस येतो, खाली गुंता तसाच.

गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात शिरले की आधी खराटा हातात घेत, गटारं साफ करत. कीर्तन रात्री. हा क्रम मला त्या दिवशी कळला.

मोरीतून बाहेर आलो आणि आईला म्हटलं, "सकाळी तुझ्यावर खेकसलो. चुकलंच माझं." ती म्हणाली, "हात धू आधी. चहा ठेवते."

आजचा अभ्यास : घरातली एक जाळी स्वतः उचलून साफ करा. आणि मनातली एक गाठ, जिच्यावर आपण नुसतंच वरून ओततोय, तिला आज नाव द्या.

राम कृष्ण हरि 🙏