सर्व्हर कुणाचा, हे आधी बघा

शेवाळं, नेचे आणि पावसाळी रानफुलांचे फोटो काढायचा मला नाद आहे. पावसात पुण्याच्या वेताळ टेकडीवर दगडाशी नाक लावून बसलेली बाई दिसली, तर ती बहुधा मीच. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अशा फोटोला एक अंगठा मिळतो आणि लगेच त्यावर कुणाचं तरी सुप्रभात येऊन पडतं. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर मात्र शेवाळवेड्यांचा स्वतःचा हॅशटॅग आहे: मॉसटोडॉन.

२०१९च्या नोव्हेंबरात वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातले पुष्कळ जण रागारागाने मॅस्टोडॉनवर गेले. २०२२मध्ये मस्कनी ट्विटर घेतल्यावर आणखी एक लाट आली. बरेच जण ‘तिथे कुणीच नाही’ म्हणत परतले. असणार कसं? पोस्टी आयत्या पुढ्यात आणून टाकणारं अल्गोरिदम तिथे नाही. पोस्टींमधला मजकूर शोधावा, तर ज्यांनी परवानगी दिलीय त्यांच्याच सापडतात. म्हणून आधी हॅशटॅग फॉलो करा, मग त्यावर भेटणारी माणसं, आणि मुख्य म्हणजे त्यांच्या पोस्टीखाली काहीतरी बोला. फोटोचं वर्णन लिहायचा तिथे रिवाज आहे, दृष्टिहीनांसाठी. नुसतं ‘नेचा’ नको. ‘काळ्या दगडाच्या भेगेतला नेचा, पानामागे तपकिरी ठिपक्यांच्या रांगा’ असं लिहिलं, की ओळख पटवणारे जाणकारही थांबतात.

आता सर्व्हरचं. मॅस्टोडॉन म्हणजे एक साइट नव्हे. हजारो सर्व्हर एकमेकांशी बोलतात, जीमेलवरून याहूला मेल जाते तसे. त्यामुळे ‘कुठल्याही सर्व्हरवर जा, काय फरक पडतो’ असं सर्रास सांगतात. फरक पडतो. माझा पहिला सर्व्हर एक हौशी गृहस्थ पदरमोड करून चालवायचे. एके दिवशी त्यांची सर्व्हर बंद करत असल्याची नोटीस आली. फॉलोअर नव्या खात्यावर हलवता आले, पोस्टी येत नाहीत. माझ्या पोस्टींचं अर्काइव्ह उतरवून घेतलं, पण त्यात फक्त आपलं लिखाण असतं. लोकांनी प्रतिसादांत दिलेली शास्त्रीय नावं, ‘हे अमकं नाही, पानाची कड बघा’ असले वाद, सगळं गेलं. तेव्हापासून नाव कळलं की त्याच दिवशी वहीत, सांगणाऱ्याच्या नावासकट.

पैसेवाला मालक असला म्हणजे निश्चिंत, असंही नाही. मोझिलाने आपला सर्व्हर डिसेंबर २०२४मध्ये बंद केला. ‘क्वीअर डॉट एएफ’ या सर्व्हरचं तर डोमेनच अफगाणिस्तानचं, ते फेब्रुवारी २०२४मध्ये तालिबानी राजवटीने काढून घेतलं! मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीतल्या सर्व्हरांनी रोज बॅकअप घेण्याचं आणि बंद करण्याआधी तीन महिने कळवण्याचं कबूल केलेलं असतं. निवड तिथूनच करा. खर्च कोण भागवतं तेही वाचा, आणि जमलं तर चार पैसे द्या. खासगी निरोपांत फोन नंबर, पत्ता नको. ते एन्क्रिप्टेड नसतात, सर्व्हर चालवणारा वाचू शकतो.

मंडळी सज्जन असली तरी दुर्मीळ झाडाचा ठिकाणा सांगू नका. शिंदळ माकुडी जगात फक्त महाराष्ट्रात, तीही मोजक्या कड्यांवर. फोटोत मागे बुरूज आला तर जाणकार गड ओळखतात, म्हणून तो आधी कापायचा. कुणी ‘नक्की कुठे?’ विचारलंच, तर माझं उत्तर ठरलेलं: महाराष्ट्रात.