परदेशी चित्रकार्ड आणि कुटुंबेतिहास : पलूस परिसराच्या संदर्भात

मराठीत पत्रवाङ्मयाचा विचार बहुधा थोरांच्या पत्रसंग्रहांभोवतीच फिरत राहिला. सामान्य घरच्या ट्रंकेत सापडणारे, परदेशातून आलेले सचित्र पोस्टकार्ड मात्र कुतूहलाचा विषय ठरते, अभ्यासाचे साधन ठरत नाही. त्यावर मजकूर चार ओळींचा आणि तोही क्षेमकुशलाच्या ठरीव साच्यातला. वस्तुतः हा मजकूर म्हणजे कार्डाचा सर्वांत कमी बोलका भाग होय.

वाचनाचा आरंभ पत्त्यापासून करणे इष्ट. आज पलूस तालुक्यात असणारे कुंडल 1948 पर्यंत औंध संस्थानात होते. सातारा जिल्ह्याचा दक्षिणेकडील भाग 1949 मध्ये ‘दक्षिण सातारा’ झाला आणि 1960 मध्ये त्यास ‘सांगली’ हे नाव मिळाले. पिनकोड तर 1972 नंतरचा. तेव्हा पुसट शिक्क्याचे कार्डही पत्त्यावरून कालनिश्चितीस साहाय्य करते. एक सावधगिरी मात्र अवश्य पाळावी. पत्त्यात ‘दक्षिण सातारा’ असेल तर कार्ड 1949 पूर्वीचे नव्हे, हे निश्चित, पण ‘जि. सातारा’ असल्याने ते त्यापूर्वीचेच, असे म्हणता येत नाही. दूरदेशी गेलेला मनुष्य गावचा जुना पत्ताच लिहीत राहतो.

कार्डाची पाठही पाहावी. इंग्लंडमध्ये 1902 पासून आणि अमेरिकेत 1907 पासून पाठीवर पत्त्याशेजारी मजकूर लिहिण्याची मुभा मिळाली. त्यापूर्वीचा मजकूर चित्राच्या बाजूस, कडेच्या मोकळ्या जागेत दाटून लिहिलेला आढळतो.

चित्र मात्र फसवे असते. निळा समुद्र व पांढरी घरे पाहून पुढची पिढी ‘आजोबा विलायत फिरायला गेले होते’ अशी कथा रचते. या परिसरातून त्या काळी परदेशी जाणारे केवळ सहलीसाठी क्वचितच जात. 1910 मध्ये वसलेल्या किर्लोस्करवाडीतून शंतनुराव किर्लोस्कर 1922 साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत यंत्रशास्त्र शिकण्यास गेले. पण विद्यार्थ्यांहून अधिक संख्येने गेले ते शिपाई. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या, दुसऱ्यात इटलीत. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना 1944 व 1945 मधील पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच. रजेच्या दिवशी घेतलेले रम्य चित्र आणि त्यामागे गावाचे नाव नसलेला, केवळ क्रमांक असलेला लष्करी टपालाचा शिक्का, हा विरोध ध्यानी आला की घरातील कथा नव्याने तपासावी लागते. शिपायाने सेन्सॉरच्या नजरेखाली लिहिलेले ‘हवा चांगली आहे’ हे वाक्य हवामानाची नोंद म्हणून वाचणे भोळेपणाचे होईल.

याहून महत्त्वाचा प्रश्न मायन्यांचा आहे. ‘तीर्थस्वरूप’ वडिलांस साष्टांग नमस्कार, वडील बंधूंस नमस्कार, ‘चि.’ मुलांस अनेक आशीर्वाद, असा हा क्रम म्हणजे एकत्र कुटुंबाची उतरंडच. त्यात पत्नीचे नाव बहुधा नसते. उघडे कार्ड पोस्टमनपासून शेजाऱ्यांपर्यंत कोणीही वाचणार, शिवाय तिच्यासाठी लिहिलेले शब्दही सासऱ्याच्या नावेच यायचे. म्हणून ‘घरात सर्वांस सांगणे’ या मोघम शब्दांना येथे विशेष अर्थ येतो. त्या ‘सर्वां’त ती होती की नव्हती, हे मजकुरावरून ठरवता येत नाही. छापील प्रवासवर्णनांत लेखक आपल्या वाचकास ओळखून लिहितो; कार्डाचा खरा वाचक पुष्कळदा पत्त्यावरील नव्हेच.

म्हणूनच अशा कार्डाची नोंद करताना अभ्यासकाने मजकूर उतरवून घेण्यापूर्वी ते कोठे मिळाले हे लिहावे. सासऱ्याच्या नावे आलेले कार्ड जमिनीच्या कागदांच्या दप्तरात होते, की सुनेच्या पेटीत, लुगड्याच्या घडीत जपलेले. त्याच्या कडा कोऱ्या आहेत की हाताळून मऊ पडल्या आहेत. आणि घरातील वृद्ध स्त्रियांपैकी ते कोणास तोंडपाठ येते.