धसका : मानसिक आघातावर उपचार घेताना

जिवावर बेतलेला प्रसंग संपून जातो, पण वाचलेल्या माणसाच्या मनाने तो संपल्याचे मान्य केलेले नसते. या अवस्थेला मानसिक आघात म्हणतात. मराठीत त्यासाठी जुना आणि नेमका शब्द आहे : धसका. ‘त्याने धसका घेतला’ असे म्हणताना बोलणारा घटना आणि तिचा परिणाम वेगळा ठेवतो. एकाच छपराखाली वाचलेल्या दोघांपैकी एक महिन्याभरात शेताला लागतो आणि दुसरा पंचवीस वर्षांनीही भिंतीला पाठ लावून बसत नाही. बहुतेक माणसे काही आठवड्यांत आपोआप सावरतात. उपचाराचा प्रश्न उरतो तो न सावरलेल्यांसाठी.

या अवस्थेला वैद्यकशास्त्रात आघातोत्तर तणाव विकार, म्हणजेच पीटीएसडी, हे नाव १९८० मध्ये अमेरिकन मनोविकार वर्गीकरणातून मिळाले. लक्षणे चार प्रकारची असतात : प्रसंग स्वप्नात किंवा जागेपणी पुन्हा घडत असल्यासारखा समोर येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या जागा, माणसे, बोलणे टाळणे, स्वतःविषयी व जगाविषयी काळवंडलेले विचार, अपराधीपणा, भावना बधिर होणे, आणि सतत सावध राहणे, दचकणे, चिडचिड, झोप उडणे. ही लक्षणे महिन्याहून अधिक टिकली आणि रोजच्या जगण्यात अडथळा आणू लागली, तर निदानाचा विचार होतो. पहिल्या महिन्यातील अस्वस्थता हा बहुधा आजार नसतो. तेव्हा निवारा, अन्न, आपली माणसे आणि शांत झोप यांचीच खरी गरज असते.

येथे आधाराला घेतलेले उदाहरण प्रस्तुत लेखकाचेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्याला किल्लारीच्या भूकंपाचा धक्का बसला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे नुकतीच झोपली होती. दगडाच्या जाड भिंती आणि वर फूट-दोन फूट मातीचे माळवद अशी तिथली घरे. उन्हाळ्यात गार राहणारे तेच छप्पर त्या पहाटे माणसांवर आले. मृतांची संख्या आठ ते दहा हजारांच्या घरात गेली. लेखक तेव्हा आठ वर्षांचा होता. तो वाचला, आतल्या खोलीत झोपलेला धाकटा भाऊ वाचला नाही.

त्यानंतर पत्र्याचे शेड आले, मग पुनर्वसनातले नवे गाव, मग शिक्षणासाठी लातूर आणि नोकरीसाठी पुणे. घरात त्या रात्रीविषयी कधी बोलणे झाले नाही. ‘झालं गेलं गंगेला मिळालं’ एवढे एक वाक्य आई म्हणे, आणि त्यावर विषय संपे. लहानपणी एका देवऋष्याकडून उतारा करून घेतल्याचे आठवते. एरवी सर्व ठीक दिसत होते, आणि आघाताच्या बाबतीत हे दिसणेच पुष्कळदा फसवे ठरते. माणूस टाळाटाळीभोवती आयुष्य रचतो : पलंग दाराजवळ, खोलीचे दार रात्रभर उघडे, चौथ्या मजल्यावरचे घर असूनही झोप गॅलरीत. त्यामुळे लक्षणे दबतात, पण जात नाहीत.

लेखकाच्या बाबतीत ती उफाळली मुलगी आठ वर्षांची झाली तेव्हा, २०१९ मध्ये. मूल पालकाच्या आघाताच्या वेळच्या वयाला पोहोचले की जुना धसका वर येणे ही मानसोपचारातील परिचित गोष्ट आहे. रस्त्यावरून जड वाहन गेले की छातीत धडधड, हाताला घाम, मुलीला उचलून जिन्याकडे धाव. शिवाय आठवणीचे दिवस वर्षात दोनदा येत : एकदा तारखेने, एकदा तिथीने. विसर्जनाच्या रात्री ढोलांनी जमीन थरथरते आणि पायाला ती थरथर आधी कळते. ढोलपथकांना याची कल्पना असण्याचे काही कारण नाही.

यापुढची तीन वर्षे चुकांत गेली. त्या सांगणे हाच या लेखाचा मुख्य हेतू आहे, कारण त्या एकट्या लेखकाच्या नाहीत.

पहिली चूक दुखणे फक्त शरीराचे समजण्याची. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, सर्व तपासण्या निर्दोष आल्या. एका दवाखान्यातून झोपेसाठी अल्प्राझोलमची गोळी सुरू झाली आणि ती पुढे दोन वर्षे चालली. या गटातील औषधांनी तात्पुरती झोप लागते, पण आघाताचा विकार त्यांनी बरा होत नाही. उलट सवय लागते आणि भीतीला सामोरे जाऊन ती ओसरण्याची जी प्रक्रिया उपचारात अपेक्षित असते तिच्या आड ती येऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत आघातानंतरच्या पहिल्या महिन्यातील तणावाच्या लक्षणांसाठी ही औषधे देऊ नयेत असे म्हटले आहे. मात्र दीर्घकाळ घेतलेली अशी गोळी एका दिवशी बंद करणेही धोक्याचे असते. ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी करावी लागते. आघाताच्या विकारासाठी वापरली जाणारी औषधे वेगळी आहेत. सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन ही त्यांतली प्रमुख. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

दुसरी चूक अधिक महागात पडली. ‘मानसिक समुपदेशन’ अशी पाटी वाचून लेखक एका व्यक्तीकडे गेला. पहिल्याच भेटीत, ओळख नीट होण्याआधी, ‘मनात काही ठेवू नका, सगळे बाहेर काढा’ असे सांगून त्या पहाटेचा सगळा तपशील वदवून घेतला गेला. तासाभराने वेळ संपली आणि लेखक रस्त्यावर आला तो घराचा पत्ता आठवत नाही अशा अवस्थेत. पुढचे दहा दिवस झोप नव्हती. सगळे बोलून टाकले की मन मोकळे होते ही समजूत लोकप्रिय आहे, पण आघाताला ती जशीच्या तशी लागू होत नाही. दुर्घटनेनंतर लगेच एकाच बैठकीत सर्व कथन करवून घेण्याची पद्धत एके काळी जगभर रूढ होती. तिने नंतरचा विकार टळत नाही असे दिसल्यावर ती वापरू नये अशी शिफारस झाली. आघाताचे कथन उपचारात असते, पण तयारीनंतर, ठरलेल्या मात्रेत आणि सावरायला वेळ राखून.

तिसरी चूक : योग्य तज्ज्ञ मिळाल्यानंतर तिसऱ्या सत्रालाच उपचार सोडणे. स्वप्ने वाढली होती, म्हणून हाही उपचार बाधला असा निष्कर्ष लेखकाने काढला. प्रत्यक्षात टाळलेली गोष्ट समोर आणू लागले की सुरुवातीला काही जणांचा त्रास तात्पुरता वाढतो. हे चिकित्सकाला त्याच वेळी सांगितले असते, तर गती कमी करता आली असती. चार महिने वाया गेले.

तज्ज्ञ निवडताना पदव्यांचा फरक समजून घेणे भाग आहे. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे सायकिअॅट्रिस्ट हा वैद्यकीय डॉक्टर असतो. निदान करणे आणि औषध लिहून देणे त्याच्या अधिकारात येते. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, म्हणजे क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, औषध देत नाही. त्याच्याकडे एम. फिल. किंवा तत्सम मान्य प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक असतो. हा क्रमांक विचारण्यात अपमान काही नाही. समुपदेशक या शब्दाआड मात्र उत्तम प्रशिक्षित माणसेही असतात आणि आठवड्याच्या शिबिराचे प्रमाणपत्र भिंतीवर लावणारीही.

पहिल्या भेटीत तीन प्रश्नांनी बरेच कळते : आघाताच्या रुग्णांबरोबर कोणत्या पद्धतीने काम करता, साधारण किती सत्रे लागतील, आणि दोन सत्रांच्या मधे त्रास वाढला तर काय करायचे? गोलमोल उत्तर आले तर दुसरे दार गाठावे. पूर्ण बरे करण्याची हमी, कुटुंबीयांना न सांगण्याचा आग्रह, चालू औषधे परस्पर बंद करण्याचा सल्ला, संमोहनाने ‘दडलेल्या’ आठवणी बाहेर काढण्याचे आश्वासन, ही उठून निघण्याची कारणे आहेत. भाषेचा मुद्दाही गौण नाही. धस्स होणे, जीव घाबरा होणे, काळीज लककन् हलणे यांतला फरक इंग्रजी प्रश्नावलीत उतरत नाही. ज्या भाषेत माणूस घाबरला त्याच भाषेत त्याला ते सांगता आले पाहिजे.

परिणाम सिद्ध झालेल्या पद्धती थोड्या आहेत. एडना फोआ यांनी विकसित केलेल्या दीर्घ सामोरे-जाण्याच्या पद्धतीत साधारण ८ ते १५ साप्ताहिक सत्रे असतात, प्रत्येक सुमारे दीड तासाचे. पॅट्रिशिया रेसिक यांची विचारप्रक्रियेवर काम करणारी पद्धत १२ सत्रांची आहे. फ्रान्सिन शापिरो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस मांडलेल्या ईएमडीआर पद्धतीत आठवण मनात धरून चिकित्सकाच्या हालत्या बोटांमागे डोळे फिरवायचे असतात. ती उपयोगी पडते याचे पुरावे आहेत, पण डोळ्यांच्या हालचालीचा त्यात नेमका वाटा किती, यावर तज्ज्ञांत अजून वाद आहे.

लेखकावर यांतल्या पहिल्या पद्धतीने उपचार झाले. पहिली दोन सत्रे समजावण्यात आणि संथ श्वासाच्या सरावात गेली. त्यानंतर टाळलेल्या गोष्टींची यादी झाली आणि प्रत्येकीपुढे भीतीचे शून्य ते शंभर असे गुण लिहिले गेले. खोलीचे दार लावून दिवसा बसणे, ३०. स्लॅबखाली रात्री झोपणे, ६५. ढोलांच्या मिरवणुकीजवळ उभे राहणे, ७५. जुन्या गावातल्या घराच्या जोत्यावर जाऊन बसणे, ९५. यादीतील प्रत्येक गोष्ट खरोखर सुरक्षित असावी लागते. तडा गेलेल्या भिंतीखाली झोपणे हा उपचार नव्हे. सोप्या पायरीपासून सुरुवात करायची आणि भीती स्पष्टपणे उतरेपर्यंत जागा सोडायची नाही. बहुधा अर्धा-पाऊण तास लागतो. भीती आपणहून ओसरते हे शरीराला पटावे लागते. नुसते ऐकून ते पटत नाही.

पुढच्या सत्रांत डोळे मिटून ती पहाट वर्तमानकाळात सांगायची, तीच पुन्हा सांगायची, ध्वनिमुद्रण करायचे आणि घरी रोज ऐकायचे. आधीच्या समुपदेशकानेही कथनच करवून घेतले होते. फरक असा की इथे आधी पाया घातलेला होता, प्रत्येक कथनानंतर त्यावर बोलण्यासाठी राखीव वेळ होता आणि थांबण्याचा अधिकार रुग्णाकडे होता. पाचव्या-सहाव्या कथनात एक वाक्य पुन्हा पुन्हा येऊ लागले : त्या रात्री भावाला आत झोपायला लेखकानेच सांगितले होते. चिकित्सकांनी त्यावर सांत्वन केले नाही. त्यांनी विचारले, ‘आठ वर्षांच्या मुलाला माळवदाचे वजन माहीत होते का?’ मोठ्या माणसाच्या ज्ञानाने लहान मुलाला दोषी ठरवणे हा आघातात फार आढळणारा गुंता आहे. उत्तर द्यायला लेखकाला दोन आठवडे लागले.

हा मार्ग सर्वांना लगेच लागू नाही. मारहाण करणारा नवरा घरातच असेल, तर भीती हा आजार नसून वस्तुस्थिती आहे. तिथे आधी सुरक्षितता लागते. आत्महत्येचे तीव्र विचार किंवा रोजचे दारूचे व्यसन असेल, तर त्यावर आधी किंवा सोबत उपचार करावे लागतात. लहानपणी वर्षानुवर्षे अत्याचार सोसलेल्यांना अधिक वेळ लागू शकतो. १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आजार-वर्गीकरणात अशा गुंतागुंतीच्या आघातोत्तर विकाराला वेगळे स्थान दिले आहे.

पैशाचा प्रश्न खरा आहे. खाजगी सत्रे परवडत नसतील तर वैद्यकीय महाविद्यालयांचे मनोविकृती विभाग, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील बाह्यरुग्ण सेवा, तसेच येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये हे मार्ग आहेत. गोव्यात बांबोळीची मनोविकार संस्था आहे. १४४१६ हा टेलिमानस क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू असून तेथे विनामूल्य बोलता येते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार रुग्णाची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरणेही. तरी बहुतेक पॉलिसी रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे देतात, म्हणून बाह्यरुग्ण सत्रांचे कलम आधी वाचून घ्यावे.

घरच्यांनी करण्यासारखे थोडेच असते. तपशील खोदून विचारू नयेत, ‘विसरून जा’ म्हणू नये, आणि टाळाटाळीला हातभार लावू नये. हे शेवटचे सर्वांत अवघड, कारण ते मायेपोटी होते. लेखकाच्या पत्नीने कित्येक वर्षे गॅलरीत अंथरूण घालून दिले. उपचार चालू असताना तिला एका सत्राला बोलावून ते घालणे बंद करण्यास सांगितले गेले, आणि त्या आठवड्यात घरात भांडणेही झाली.

नियमित सत्रे संपली तरी महिन्याने आणि तीन महिन्यांनी भेट ठेवतात. आठवणीच्या दिवसांसाठी आधीच योजना करतात : त्या रात्री कुठे असायचे, कोण सोबत, लक्षणे आली तर यादीतली कोणती पायरी पुन्हा चढायची. त्रास उलटून आला म्हणजे उपचार फुकट गेला असे नव्हे. दुसऱ्या खेपेला सत्रे कमी लागतात असा लेखकाचा अनुभव आहे. यादीतली शेवटची पायरी चौदाव्या सत्रानंतर झाली. जुन्या गावात, बाभळी उगवलेल्या जोत्यावर, पाऊण तास. सुरुवातीला ९०, उठताना ४०. पुढच्या अनंत चतुर्दशीला घरातल्या खोलीत, दार लावून, ३५ अशी वहीत नोंद आहे. त्यानंतरची पाने कोरी आहेत.