टोकियोत लेकरं वाढवताना

पोरी, जावईबापूंचं काम तीन वर्षांचं आहे, पुढे वाढेल की नाही माहीत नाही, असं तू म्हणालीस. मोठ्या माणसांना असा हिशोब मनात धरून राहता येतं. तुझ्या अडीच वर्षांच्या लेकाला आणि पोटातल्या बाळाला तो हिशोब कळत नाही. चालायला, बोलायला, भांडायला आणि दोस्ती करायला त्यांना हेच गाव मिळालेलं आहे. म्हणून ‘तीन वर्षं तर काढायचीत’ असं म्हणत मुलांचं कुठलंही काम अर्ध्यावर ठेवू नकोस. २००० सालानंतर कॉम्प्युटरच्या नोकऱ्यांसाठी भारतीय कुटुंबं निशी-कासाईत उतरू लागली, त्या लाटेतले आम्ही. बरीच घरं मी जवळून पाहिली आहेत, आणि मुलं सुखी दिसली ती जिथे आईवडील मनाने इथे राहायला आले होते तिथेच.

कागदपत्रांचं आधी सांगते, कारण त्याला मुदती आहेत. बाळ झालं की १४ दिवसांत वॉर्ड ऑफिसात जन्माची नोंद आणि ३० दिवसांत इमिग्रेशनकडे बाळाच्या व्हिसाचा अर्ज करायचा. इथे जन्मलं म्हणून जपानचं नागरिकत्व मिळत नाही. भारताच्या कायद्याप्रमाणे परदेशात जन्मलेल्या मुलाची नोंद वर्षाच्या आत आपल्या वकिलातीत व्हावी लागते. वर्ष उलटलं तर सरकारची खास परवानगी लागते. वकिलात कुदानला आहे, पासपोर्टचं कामही तिथेच होतं. मात्र पासपोर्ट हातात येईपर्यंत इमिग्रेशनचे ३० दिवस वाया घालवू नका, तो नसतानाही अर्ज घेतात. जन्माची नोंद करायला जाल त्याच फेरीत बालभत्त्याचा, म्हणजे जिदो तेआतेचा अर्ज भरा. त्याला १५ दिवसांची मुदत असते आणि उशीर झाला तर गेलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळत नाहीत. तीन वर्षांच्या आतल्या मुलाला महिन्याला १५,००० येन मिळतात, त्यापुढे १०,०००. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अटही उठली आहे. परदेशी कुटुंबांनाही तो हक्काने मिळतो, मागायला संकोच नको. मुलांच्या औषधपाण्याचं वॉर्डाचं प्रमाणपत्रही तेव्हाच घ्या. ते दाखवलं की विम्यात बसणाऱ्या उपचारांचे पैसे दवाखान्यात द्यावे लागत नाहीत.

आता बोशी तेचो. गरोदरपणाची नोंद केलीस की वॉर्डाकडून ही वही मिळते, सोबत १४ तपासण्यांची कुपनंही. इंग्रजी आणि जपानी शेजारी शेजारी असलेली प्रत मागून घे. युद्धानंतर, १९४८ पासून, आई आणि मूल या दोघांची मिळून एकच वही ठेवायची ही पद्धत इथे आहे. तपासणी, लस, वजन, पहिला दात, सगळं तिच्यात उतरतं. तीन-चार महिन्यांची, दीड वर्षाची आणि तीन वर्षांची तपासणी वॉर्ड स्वतः बोलावून करतं. त्यातली एकही चुकवू नकोस, बाळ ठणठणीत असलं तरी. तीन वर्षांच्या तपासणीत डोळे, कान आणि बोलणं बघतात. दोन-तीन भाषा ऐकणारं मूल कधीकधी उशिरा बोलतं, तेव्हा तिथल्या बाईंना घरात कोणती भाषा चालते ते आधी सांग. मराठीत तो किती शब्द बोलतो ते घरून लिहून ने, म्हणजे नुसत्या जपानी शब्दांवरून त्याचं माप काढलं जाणार नाही.

थोरल्याच्या लसींचं भारतातलं कार्ड आरोग्य केंद्रात नेऊन ताळा करून घे. दोन्हीकडची वेळापत्रकं वेगळी आहेत. आपल्याकडे बीसीजी जन्मल्या जन्मल्या देतात, इथे साधारण पाच ते आठ महिन्यांत, आणि नऊ बारीक सुयांचा शिक्का दंडावर दोनदा दाबतात. तेव्हा धाकट्याच्या दंडावर अठरा ठिपके दिसले तर घाबरू नकोस.

एक गोष्ट मात्र आईला आणि सासूबाईंना त्या विमानात बसायच्या आधीच सांग. बाळाला वर्षाच्या आत मध द्यायचा नाही. बोटाने चाटवायचा नाही, गुटीत घालायचा नाही, बारशाच्या दिवशी रीत म्हणूनही नाही. २०१७ मध्ये इथे टोकियोतच सहा महिन्यांचं एक बाळ मधातून झालेल्या बोट्युलिझमने गेलं. मध शिजवून किंवा उकळून ते जंतू जात नाहीत. रीत पाळायचीच असेल तर बाळाच्या ओठाला आईचं दूध लावा. दोघी वडीलधाऱ्या आहेत, प्रेमाने येतात, त्यांच्याशी ऐनवेळी वाद नको. म्हणून फोनवर आत्ताच बोल.

पाळणाघराचं लांबण लावून सांगणार आहे, कारण मुलाचा दिवस तिथे जाणार आहे. नोकरी करणाऱ्या आईवडिलांसाठी होइकुएन असतं. तीन वर्षांपुढे योचिएन, म्हणजे बालवाडीही असते, पण ते दुपारी दोनच्या सुमारास सुटतं आणि आईने बरंच करावं अशी तिथे अपेक्षा असते. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी ऑक्टोबर २०१९ पासून होइकुएनची फी माफ आहे, योचिएनला महिन्याला २५,७०० येनपर्यंत. एप्रिलमध्ये जागा हवी तर अर्ज आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत भरायचा. निवड गुणांवर होते, दोघंही पूर्णवेळ कामावर असतील तर गुण जास्त. वर्ग २ एप्रिल ते पुढच्या १ एप्रिलच्या जन्मांचा असतो, हे ध्यानात ठेव. तुझी तारीख मार्चअखेरची आहे. बाळ चार दिवस अलीकडे-पलीकडे झालं तर शाळेत एक इयत्ता पुढे-मागे होईल, इतकंच. त्यासाठी डॉक्टरांकडे कसला हट्ट धरू नकोस.

पहिले दोन-तीन आठवडे मूल पूर्ण दिवस ठेवून घेत नाहीत. आधी तास-दोन तास, मग जेवणापर्यंत, मग झोपेपर्यंत, असं सवयीने वाढवतात. नोकरी १ एप्रिलला सुरू करायचं कबूल करू नकोस. ताप ३७.५ च्या वर गेला की फोन येतो आणि मूल घेऊन जावं लागतं. पहिल्या वर्षी हे वरचेवर होतं. कोणत्या वारी कोण निघणार हे जावईबापूंशी आधीच ठरव. आईनेच निघायचं असं गृहीत धरू नका. आजारी मुलांना दिवसभर सांभाळणारी केंद्रंही आहेत, पण तिथे नाव आधी नोंदवलेलं असावं लागतं. रात्री ताप चढला आणि दवाखाना गाठावा की नाही कळेना, तर # दाबून ८००० लाव, मुलांच्या आजारावर सल्ला देणारी माणसं बोलतात. जीवावरचं असेल तर थेट ११९.

रेनराकुच्यो नावाची वही, आता बऱ्याच ठिकाणी मोबाइलवर, रोज सकाळी भरायची असते. किती वाजता झोपला, काय खाल्लं, शी झाली का, अंगात ताप किती. हा सोपस्कार समजू नकोस. मोडक्या जपानीत का होईना, एक ओळ रोज जास्तीची लिही: काल आजीशी फोनवर बोलून रडला, आज नवे बूट घातलेत म्हणून खूश आहे. बाई ते वाचतात आणि मुलाशी त्यावर बोलतात. भाषा न येणाऱ्या आईला बाईंशी ओळख करून घ्यायचा हा सगळ्यात सोपा रस्ता आहे.

खाण्याचं दोघांनी घरात बसून आधी ठरवा. काय चालतं, काय चालत नाही, हे होइकुएनच्या बैठकीत स्पष्ट सांगावं लागतं. नुसतं ‘आम्ही शाकाहारी’ म्हटलं तर पुरत नाही. सूपमध्ये, भाजीत, सॉसमध्ये कात्सुओबुशीचा, म्हणजे सुकवलेल्या माशाचा अर्क असतो, आणि इथल्या लोकांच्या हिशोबी तो मासा खाणं नव्हे. तेव्हा यादी करून दे: गोमांस नाही, डुकराचं नाही, अंडं चालेल की नाही, माशाचा अर्क चालेल की नाही. महिन्याचं जेवणपत्रक आधी मिळतं. ज्या दिवशी जमणार नाही त्या दिवशी घरून डबा चालेल का, ते विचार. बऱ्याच ठिकाणी ऐकतात, काही ठिकाणी ऐकत नाहीत. प्रवेशाआधीच कळलेलं बरं. दुकानातल्या पाकिटावर अंडं, दूध, गहू, शेंगदाणे यांची ॲलर्जी-सूचना कायद्याने छापावी लागते, पण ती यादी शाकाहारासाठी केलेली नाही. गाय, डुक्कर, कोंबडी, मासा ही चार अक्षरं ओळखायला शीक, पुष्कळ काम होतं.

आणि माझं स्वतःचं मत विचारशील तर, मूल होइकुएनमध्ये सगळ्यांबरोबर बसून जे खाईल त्यात त्याचा आनंद मोठा असतो. तुमची श्रद्धा तुमची, त्यात मी पडणार नाही. पण नुसतं ‘घरचंच बरं’ म्हणून त्याला वेगळं बसवू नका. घरी वरण-भात आहेच. इथला चिकट तांदूळ मऊ भातासाठी उत्तम आणि तूरडाळ निशी-कासाईच्या दुकानांत मिळतेच.

भूकंपाचं आणि पाण्याचं मनावर घे. ११ मार्च २०११ ला टोकियोतल्या रेल्वेगाड्या थांबल्या आणि लाखो माणसं त्या रात्री घरी पोचू शकली नाहीत. मुलं शाळेत, आईवडील शहराच्या दुसऱ्या टोकाला. म्हणून शाळेत मूल कोण नेऊ शकतं याची नावं नोंदवतात, आणि ज्याचं नाव नाही त्याच्या हाती देत नाहीत. त्या यादीत चालत पोचेल अशा कुणाचं तरी नाव घाल, माझं घाल. फोन लागत नसतील तेव्हा १७१ वर निरोप ठेवता येतो, तो एकदा दोघांनी वापरून बघा. पलंगाशी मुलांचे बूट ठेव, कपाटं भिंतीला ठोकून घे. पिशवीत डायपर, पाणी आणि द्रवरूप बाळदूध ठेव. ते २०१९ पासून इथे विकायला आलं आणि त्याला गरम पाणी लागत नाही. आता पाण्याचं. निशी-कासाई ज्यात येतं तो आपला एदोगावा वॉर्ड नद्यांच्या मुखाशी आहे आणि बराच भाग भरतीच्या पातळीच्या खाली. वॉर्डाने २०१९ मध्ये काढलेल्या पूर-नकाशाच्या मुखपृष्ठावरच, इथे राहून चालणार नाही, असं बजावलं आहे. मोठ्या वादळाचा इशारा आला की गर्दी व्हायच्या आधी वॉर्डाबाहेर कुणाकडे जायचं ते ठरवून ठेव. तान्हं बाळ घेऊन ऐनवेळी निघणं फार कठीण.

शेजाऱ्यांकडे, विशेषतः खालच्या घरी, मुलाला घेऊन एकदा जा. सोबत मिठाईचा छोटा डबा ने. धावण्याचा आवाज येईल, काळजी घेऊ, एवढंच म्हण. मुलाचा चेहरा ओळखीचा झाला की तक्रारी कमी होतात आणि तो एकटा रस्त्यावर दिसला तर कुणीतरी हाक मारतं. इथे पहिलीतली मुलं पिवळी टोपी घालून स्वतःच चालत शाळेत जातात, ते याच ओळखींच्या जोरावर.

शाळा. परदेशी मुलांना इथे सक्ती नाही, पण अर्ज केला की सरकारी शाळेत फुकट घेतात. भारतीय शाळाही दोन आहेत, दोन्ही सीबीएसईच्या. तीन वर्षांत परतायचं पक्कं असेल तर तिथे घाल. राहण्याची शक्यता असेल तर सरकारी शाळा, आणि मग मधूनच काढू नका. सहा वर्षांत मुलं १,०२६ कांजी, म्हणजे चित्राक्षरं, शिकतात, तिसरीपर्यंत ४४०. तिसरीत काढलेल्या मुलाला ना पेपर वाचता येतो, ना मराठी, ना इंग्रजी. हे मी आपल्याच लोकांत पाहिलं आहे आणि मला त्याचं वाईट वाटतं. रोज मोठ्याने वाचायचा अभ्यास असतो, पालकाने ऐकून सही करायची असते. नुसती सही करू नकोस. शेजारी बसून तूही वाच. पहिलीपासून त्याच्याबरोबर शिकलीस तर चौथीपर्यंत तुला शाळेची पत्रं वाचता येतील.

घरात मात्र मराठीच. बाहेरची भाषा त्याला आपोआप येईल, मराठी तुमच्याशिवाय कुणी देणार नाही. तो जपानीत उत्तर देईल, तू मराठीतच बोलत राहा, रागावू नकोस. गणपतीला टोकियो मराठी मंडळात ने, तिथे आपल्या वयाची मुलं मराठीत भांडताना ऐकली की त्याला ही आईबाबांची खासगी बोली वाटणार नाही. आणि एक कर: त्याला दवाखान्यात, बँकेत, वॉर्डात दुभाषा करू नकोस. सात-आठ वर्षांच्या मुलाने आईच्या तपासणीचा निकाल तिला सांगावा, हे त्याच्या खांद्यांना पेलत नाही. वॉर्डात दुभाष्याची सोय आहे का ते आधी विचार, नाहीतर मला बोलाव.

येत्या सोमवारी बोशी तेचोसाठी जाशील तेव्हा रेसिडेन्स कार्ड घे, मायनंबर कार्ड घे, आणि थोरल्याचं लसींचं कार्डही पिशवीत टाक, आरोग्य केंद्राचं काम त्याच दिवशी होईल. मी साडेनऊला स्टेशनबाहेर थांबते.