पगारवाढ फॉर्मवर ठरत नाही

अप्रेझलचा फॉर्म भरायला बसलेल्या प्रत्येकाला आधीच सांगून ठेवते : तुमची पगारवाढ या फॉर्मवर ठरणार नाही. आयटी आणि एकूणच खाजगी ऑफिसांत बहुतेक वेळा ती फॉर्म उघडण्याआधीच ठरलेली असते. कामाची किंमत दुसऱ्या कुठल्या तरी खोलीत, दुसऱ्याच कारणांनी लागते आणि फॉर्म त्या आकड्याला कारणं पुरवतो. हे मला फार उशिरा उमगलं. त्याआधी किती वर्षं ते रकाने इमानेइतबारे भरले, याचा राग अजून गेलेला नाही. तेव्हा पुढे कुठे सूर चढला तर समजून घ्या.

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं, पण त्याचं बजेट हिवाळ्यातच शिजायला लागतं. पगारवाढ त्यात एकाच ओळीत असते : एकूण पगारखर्चाच्या इतके टक्के. तो आकडा काढताना हातातल्या ऑर्डरी, नफ्याचं उद्दिष्ट, किती माणसं सोडून चालली आहेत आणि बाकीच्या कंपन्या काय देणार, हे बघतात. शेवटच्या गोष्टीसाठी एऑन, मर्सर, डेलॉइट अशा सल्लागार संस्थांच्या पाहण्या असतात, आणि त्या पाहण्यांना माहिती पुरवणाऱ्याही कंपन्याच. म्हणजे प्रत्येक जण शेजाऱ्याच्या पानात बघून वाढतो. मग ही रक्कम खात्याखात्यांत वाटली जाते आणि मॅनेजरला सांगतात, एवढ्यात बसवा. तुम्हाला वरचं रेटिंग द्यायचं तर दुसऱ्या कुणाचं तरी खाली ओढावं लागतं. त्याला 'नॉर्मलायझेशन' असं गोंडस नाव आहे. मायक्रोसॉफ्टने सक्तीची ही उतरंड 2013 मध्ये मोडीत काढली आणि नंतर आपल्याकडच्या काही कंपन्यांनीही बेल कर्व्हला, म्हणजे ठरलेल्या प्रमाणात रेटिंग वाटण्याच्या पद्धतीला, रामराम ठोकला. पण पातेल्यातला भात तेवढाच असेल तर डाव बदलून काय होणार? शेवटी एक तक्ता उरतो : एका बाजूला रेटिंग, दुसऱ्या बाजूला तुमच्या पदाच्या पगारपट्ट्यातली तुमची जागा. पट्ट्याच्या वरच्या टोकाला पोचलेल्या जुन्या माणसाला त्याच रेटिंगवर खालच्यापेक्षा कमी टक्के मिळतात. ही चूक नसते, तक्ताच तसा आखलेला असतो.

पैसा कामावर ठरत असता, तर मोठ्या आयटी कंपन्यांत फ्रेशरचा पगार दहा वर्षांहून जास्त काळ साडेतीन लाखांच्या आसपास रेंगाळला नसता. 2012 मध्ये 100 धरलेला ग्राहक किंमत निर्देशांक 2024 च्या अखेरीस 190 च्या पुढे गेला होता, म्हणजे त्याच पगाराची किंमत जवळपास निम्म्यावर आली. या काळात नवी मुलं निम्म्या कामाची झाली नाहीत. दाराशी रांग लांब होती, एवढंच. याच्या उलट 2021-22 मध्ये बघा. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण काही बड्या कंपन्यांत वीस टक्क्यांच्या वर गेलं आणि वर्षाच्या मध्येही वाढी निघाल्या, थांबण्यासाठी वेगळे बोनस निघाले. 2023 मध्ये मागणी थंडावली तशा त्याच वाढी लांबणीवर पडल्या. माणसं तीच, कामही तेच. बदललं होतं ते तुम्ही निघून जाल ही भीती. वाढ त्या भीतीच्या मापाने मिळते.

आता पत्राकडे या, कारण खरी मेख तिथे असते. दहा लाख सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा वर्षाचा एकूण खर्च, त्यावर दहा टक्के वाढ, म्हणजे वर्षाला एक लाख. त्यातच व्हेरिएबल, म्हणजे मिळेलच याची खात्री नसलेला भाग, सीटीसीच्या दहावरून पंधरा टक्क्यांवर नेलेलं असतं. पूर्वी एक लाख व्हेरिएबल आणि नऊ लाख पक्के होते. आता 1,65,000 व्हेरिएबल आणि 9,35,000 पक्के. म्हणजे पक्की वाढ 35,000, चार टक्क्यांहूनही कमी. बेसिक सीटीसीच्या 40 टक्के आणि पीएफ पूर्ण बेसिकवर असेल, तर पीएफचे दोन्ही हिस्से आणि ग्रॅच्युइटी मिळून वाढीतले साधारण साडेअकरा हजार जातात. करापूर्वी महिन्याला हातात पडतात दोन हजारांना थोडे कमी. पीएफ तुमचाच पैसा, हे खरं. पण घरमालकाला तो चालत नाही. एवढं करून पत्राची सुरुवात अभिनंदनाने, आणि मॅनेजरचं ठरलेलं वाक्य : मी तुमच्यासाठी खूप भांडलो. कदाचित भांडलेही असतील. पण कधी? रक्कम ठरण्याआधी की नंतर? हा प्रश्न मात्र कुणी विचारायचा नसतो.

यावर म्हणतात, कंपनीला बजेट नको का? हवंच. माझी तक्रार मर्यादेबद्दल नाही, ती लपवून दोष माणसाच्या कामावर ढकलण्याबद्दल आहे. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याला सातव्या वेतन आयोगानुसार मूळ वेतनावर वर्षाला तीन टक्के मिळतात, महागाई भत्ता निर्देशांकाप्रमाणे वर्षातून दोनदा ठरतो. चाकणच्या कारखान्यात युनियनचा वेतनकरार होतो, तिथे पुढच्या काही वर्षांची वाढ सह्यांनिशी कागदावर असते. त्या पद्धतीत हुशारीला वाव कमी, हे मान्य. पण नियम समोर असतो. एसीत बसून त्याला हसणाऱ्या आपल्या हातात मात्र 'गोपनीय' शिक्का मारलेलं पत्र. दुसरा आक्षेप असा, की चांगल्याला जास्त मिळतंच की. मिळतं, पण दहा लाखांवर तीन टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला तीस हजार. तेवढ्यासाठी वर्षभर शनिवार-रविवार द्यायचे का, ते ज्याने त्याने ठरवावं.

म्हणून बोलायचं ते नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये, आकडा ओला असताना. तीन प्रश्न विचारा : माझ्या पगारपट्ट्याचा मध्य किती आणि मी कुठे आहे? टीमला किती टक्के आले? वाढीतलं पक्कं किती? उत्तर टाळलं, तर ते टाळणंही उत्तरच आहे. पक्क्याची तुलना पक्क्याशीच करा, महिन्याच्या हिशेबाने. पट्टा संपला असेल तर टक्क्यांवरून हुज्जत घालू नका, पद मागा. जिथे जायची तयारी नाही अशी ऑफर टेबलावर टाकू नका. काउंटर ऑफर घेऊन थांबलेल्याचं नाव पुढच्या वर्षी लक्षात ठेवलं जातं. पेपर टाकण्याआधी नोटीस पिरियड आणि बोनस परत करण्याची अट वाचा, ग्रॅच्युइटीची पाच वर्षं किती दूर आहेत ते बघा. केलेल्या कामाची नोंद ठेवा, नवं शिकत राहा, हे तर सगळेच सांगतात. आणि पुरुषाला पगार विचारू नये हा शिष्टाचार ऑफिसात तरी सोडा. शेजारच्या खुर्चीतला आकडा आपल्याला माहीत नसतो, एचआरला मात्र दोन्ही पाठ असतात. राहिला तो फॉर्म. भरा, पण अर्ध्या तासात.