घरासाठी मल्टिमीटर कसा निवडाल?

टॉर्च लागत नाही. सेल उतरले, बल्ब गेला, की बटणाचा स्पर्श नीट होत नाही? इस्त्री तापत नाही. आतले एलिमेंट जळाले, की वायर मध्येच तुटली? विजेचा बिघाड नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तो मोजून शोधावा लागतो. त्यासाठीचे उपकरण म्हणजे मल्टिमीटर. विद्युतदाब, विद्युतधारा आणि रोध या तिन्ही राशी तो एकटा मोजतो. ब्रिटिश टपाल खात्यातील अभियंता डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून १९२३ साली ‘अ‍ॅव्होमीटर’ तयार झाला. अँपिअर, व्होल्ट व ओहम या एककांच्या आद्याक्षरांवरून त्याला हे नाव मिळाले. आज काट्याऐवजी आकडे दाखवणारा डिजिटल मल्टिमीटर काही शे रुपयांत मिळतो. पण दुकानात पाच-सहा प्रकार समोर आले, तर त्यांतला कोणता घ्यावा?

एकच मीटर, दोन स्वभाव

विद्युतदाब मोजताना मीटर मंडलाला समांतर जोडतात. मीटरने मंडलातून फारशी धारा ओढू नये म्हणून त्याचा अंतर्गत रोध प्रचंड ठेवलेला असतो. पुष्कळ डिजिटल मीटरांत तो १ कोटी ओहम, म्हणजे १० मेगओहम असतो. धारा मोजताना मात्र मीटर एकसरीत जोडतात. तेथे धारेला अडथळा होऊ नये म्हणून त्याचा रोध अगदी अल्प असतो. १० अँपिअरच्या सॉकेटाला तो साधारण ०.०१ ओहम असतो.

आता ओहमचा नियम लावून पाहा. घरातील विद्युतदाब २३० व्होल्ट. १० मेगओहम रोधातून फक्त ०.००००२३ अँपिअर धारा जाईल. परंतु लाल वायर चुकून १० अँपिअरच्या सॉकेटात राहिली आणि टोके भिंतीवरील प्लगच्या भोकांत घातली तर? २३० भागिले ०.०१ म्हणजे २३,००० अँपिअर! प्रत्यक्षात घरातील तारांचा रोध आडवा येतो. तरीही क्षणभर शेकडो अँपिअर धारा मीटरमधून जाऊ शकते. वायर वितळते, मोठी ठिणगी उडते, हात भाजतो. क्वचित जिवावरही बेतते.

म्हणून दुकानात सर्वप्रथम १० अँपिअरच्या सॉकेटाशेजारी काय छापले आहे ते वाचा. अगदी स्वस्त मीटरवर तेथे ‘अनफ्यूज्ड’, म्हणजे फ्यूज नाही, असे छापलेले आढळते. असा मीटर सेल, बॅटरी आणि शाळेतील प्रयोग यांसाठी चांगला. घरातील विजेला तो लावू नये. थोडे अधिक पैसे देऊन दोन्ही धारा-सॉकेटांना फ्यूज असलेला मीटर घेता येतो. त्यातही काचेच्या फ्यूजपेक्षा वाळू भरलेला चिनी मातीचा फ्यूज चांगला. तो वितळताना आत निर्माण होणारी ठिणगी वाळूमुळे विझते.

दुसरी खूण ‘कॅट’ या अक्षरांची. जवळपास वीज पडली किंवा मोठी मोटर बंद झाली, की तारांमधून क्षणभर हजारो व्होल्टचा झटका येऊ शकतो. तो सोसण्याच्या क्षमतेवरून मीटरचे वर्ग ठरवले आहेत. प्लगला जोडलेल्या उपकरणांसाठी वर्ग २ आणि घराच्या मुख्य वाटप-फळ्यासाठी वर्ग ३. मीटरवर हे आकडे रोमन अंकांत असतात. मात्र फ्यूजच नसेल, तर नुसत्या छापील वर्गावर विसंबू नका.

आकडे आणि अचूकता

‘साडेतीन अंकी’ मीटर ० ते १९९९ पर्यंत मोजतो. घरासाठी एवढे पुरेसे आहे. जास्त अंक दिसले म्हणजे मापन अधिक अचूक झाले, असे मात्र नाही. समजा, प्रत्यावर्ती विद्युतदाबाची अचूकता ‘±(१.२% + १० अंक)’ अशी दिली आहे आणि पडद्यावर २३० व्होल्ट दिसतात. २३० चे १.२ टक्के म्हणजे सुमारे ३ व्होल्ट; शेवटच्या स्थानाचे १० अंक म्हणजे आणखी १० व्होल्ट. तेव्हा खरा दाब २१७ ते २४३ यांत कुठेही असू शकेल. बिघाड शोधायला हे चालते.

घरात चौरस तरंगाचा इन्व्हर्टर असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. साधा मीटर विजेचा तरंग ज्या-वक्री आहे असे गृहीत धरतो. चौरस तरंगाच्या २३० व्होल्टना तो सुमारे २५५ दाखवील. तेथे ‘ट्रू आर.एम.एस.’ मीटर लागतो.

करून पाहा

प्रत्येकी १ मेगओहमचे दोन रोध एकसरीत जोडून त्यांना ९ व्होल्टची बॅटरी लावा. एका रोधावरील विद्युतदाब किती? हिशेबाने ४.५ व्होल्ट. मीटरने मोजा. अंतर्गत रोध १० मेगओहम असेल तर सुमारे ४.३ व्होल्ट दिसतील. १ मेगओहमच असेल तर केवळ ३. म्हणजे मोजण्याच्या क्रियेनेच मोजायची राशी बदलली! असे का झाले, ते समांतर रोधांचे सूत्र वापरून स्वतः काढा.

घेतल्यानंतर

२३० व्होल्टचे मापन वडीलधाऱ्या जाणकार माणसाच्या देखतच करा. धारा मोजून झाली, की लाल वायर लगेच व्होल्टच्या सॉकेटात परत लावा. वायरीचे आवरण तडकले असेल तर ती बदला. बॅटरी उतरल्याची खूण दिसली, की आकड्यांवर विश्वास ठेवू नका. तार ‘मेलेली’ आहे असे मीटर सांगत असेल, तर चालू असलेल्या प्लगवर मीटर तपासा आणि मग तीच तार पुन्हा मोजा. शून्य दाखवणारा मीटर स्वतःच बिघडलेला असू शकतो.

आता तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील मल्टिमीटर हातात घ्या. त्याच्या १० अँपिअरच्या सॉकेटाला फ्यूज आहे का? उत्तर मिळाले, की तो मीटर कोठे वापरायचा आणि कोठे नाही, हे तुमचे तुम्हालाच सांगता येईल.