किल्ली मिळाली, गिऱ्हाईक नाही

लोअर परळला, ना. म. जोशी मार्गाच्या बाजूला, आमच्या प्रशिक्षण संस्थेत मुलींनी चालवलेलं अल्टरचं काउंटर होतं. पँट आखूड करणं, ब्लाउज उसवून सैल करणं, साडीला फॉल-पिको. भाडं नाही, मशिनं संस्थेची, म्हणून दर कमी. कमला मिलच्या आवारातल्या ऑफिसांतल्या बायका दुपारी कपडे टाकून जात.

२०१८ साली मी शिवणकामाला प्रवेश घेतला तेव्हा आधीची बॅच निघून गेली होती. आम्हाला किल्ली मिळाली, मशिनं मिळाली, दरांचा फलकही मिळाला. मापं मात्र एका ताईच्या मोबाइलमध्ये होती आणि ताई नोकरीला लागली होती. ज्या बाई नुसता ब्लाउज ठेवून ‘नेहमीसारखा’ म्हणायच्या, त्यांना आम्ही टेप लावायला लागलो. त्या परत आल्या नाहीत. त्यातच जुलैत रेल्वे रुळांवरचा डिलाईल पूल बंद झाला होता, रुळांपलीकडच्यांना वळसा पडत होता. तो पूर्ण सुरू व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडला. कोपऱ्यावरच्या टेलरनेही दर उतरवले. स्वस्ताई कुणालाही जमते. वळसा घालून यावं असं काही आमच्या हातात उरलं नव्हतं.

आता माझं स्वतःचं शिवणकाम आहे, म्हणून संस्थेत काउंटर चालवणाऱ्या मुलींना कळकळीने सांगते. मापाची वही कागदाची ठेवा आणि ती संस्थेच्या कपाटात, कुलपात राहू द्या. बायकांची मापं कुणाच्या मोबाइलमध्ये फिरणं तसंही बरं नाही. वहीत नुसते आकडे नकोत. डावा खांदा उतरता आहे, बाही घट्ट चालत नाही, कपडा शुक्रवारीच लागतो, हेही लिहा. गिऱ्हाईक त्यासाठीच परत येतं.

खरी अडचण वेगळीच आहे. कोर्स वर्षाचा, त्यामुळे जुनी बॅच नवीला भेटतच नाही. जाणाऱ्यांपैकी एक-दोघींना गल्ल्यातून मजुरी देऊन गणपतीपर्यंत थांबवा. नव्या मुलीने त्यांच्या शेजारी बसून गिऱ्हाइकाशी बोलायला शिकावं. शिलाई वर्गात शिकता येते, हे नाही.

माणसं बदलली तरी काम टिकवण्याच्या बाबतीत, गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या आपल्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका मला फार मोठ्या वाटतात. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, तेव्हा सावकाराच्या व्याजात अडकलेल्या या बायकांनी गट करून बँकेचं कर्ज मिळवलं. एकेकीची चूल वेगळी, पण पत सगळ्यांची मिळून. १९८२ च्या गिरणी संपानंतर जेवणारा गिरणी कामगारच पांगला, तरी मंडळ राहिलं. तुमच्या काउंटरची पतही अशी सगळ्यांच्या नावावर हवी, एका हुशार मुलीच्या नावावर नको.

आणि दर लावताना भाडं, वीज, सुई-दोरा धरूनच लावा, संस्था ते देत असली तरी. वाचलेल्या पैशांतून आधी ओव्हरलॉकची दुरुस्ती करा आणि थांबलेल्या ताईची मजुरी वेळेवर द्या.